वस्तऱ्यासाठी महागडा नैसर्गिक दगड: घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कधी

गेल्या दिवाळीनंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बेल्जियमचा दगड मागवतोय. पाठवणी आणि कस्टम ड्यूटी धरून वीसेक हजारांना पडेल. घेऊ ना?" मी त्याला एकच विचारलं, सध्याचा वस्तरा हातावरची लव कापतो का? "टोकाकडे कापतो, टाचेकडे, म्हणजे मुठीजवळ, नाही." मी म्हटलं, "मग दगड राहू दे. रविवारी वस्तरा घेऊन नाशिकला, सिडकोत ये."

त्या रविवारी आम्ही ओट्यावर बसून जे केलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. नाशिकजवळच्या अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, माझी अठ्ठावीस वर्षं गेली. पंच आणि डायच्या कडा घासून जुळवणं हाच रोजचा धंदा. वडिलांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा माझ्याकडे आला तेव्हा त्याला धार लावणंही मी त्याच हिशेबाने शिकलो. उत्तर आधीच सांगतो. दाढी गुळगुळीत व्हावी एवढाच हेतू असेल, तर महागडा नैसर्गिक दगड लागत नाही. तो घेण्यासारखा असतो, पण अगदी शेवटच्या कामापुरता, आणि साध्या दगडांवर हात बसल्यानंतरच.

आधी वस्तरा समजून घ्या

सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही. त्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे कोन पात्याच्या घडणीतच ठरलेला असतो. पात्याची रुंदी १६ मिमी आणि पाठीची जाडी ४.६ मिमी असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन साडेसोळा अंशांच्या जवळपास येतो. पाठीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली तर तो साधारण एका अंशाने वाढतो. पाठ झिजू नये म्हणून अनेक जण पट्टी लावतात. मीही जड काम असेल तेव्हा लावतो. मात्र पहिल्या दगडावर लावली तर शेवटपर्यंत ठेवा, मध्येच काढली की कोन बदलतो आणि नवा दगड धारेला शिवतच नाही.

वस्तरा दहापट किंवा वीसपट भिंगाखाली बघा. मी घड्याळवाल्यांचं डोळ्याला लावायचं भिंग वापरतो. धारेवर खाचा आहेत का, गंजाचे काळे खड्डे थेट धारेपर्यंत आलेत का, पाठ एका बाजूला जास्त झिजली आहे का, ते तपासा. धारेत तडा असेल किंवा खड्डा खोल गेला असेल, तर जगातला कुठलाही दगड तिथे कामाचा नाही.

आणि एक कळकळीची विनंती. वस्तरा चाक फिरवून धार लावणाऱ्यांकडे देऊ नका. त्यांचं कौशल्य विळीला आणि कात्रीला ठीक आहे, पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकाच्या घर्षणाने ती क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. निळसर पडलेली कड मग कितीही घासा, टिकत नाही.

सपाट दगड, मग महाग दगड

टूलरूममध्ये नवीन पोराला आम्ही आधी सरफेस प्लेट, म्हणजे मापं घ्यायची अगदी सपाट प्लेट, पुसायला शिकवायचो, कारण आधार सपाट नसेल तर वरची सगळी मापं खोटी. दगडाचंही तेच. वीस हजारांचा दगड मध्ये खोलगट असेल, तर दोन हजारांचा सपाट दगड त्याच्यापेक्षा चांगली धार देईल.

काचवाल्याकडून १० किंवा १२ मिमी जाडीचा काचेचा तुकडा कडा घासून घ्या. त्यावर २२० किंवा ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा (पेपर असो की दगड, नंबर जितका मोठा तितके कण बारीक). हा पेपर अंबड-सातपूरकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा आणि पेपरवर घासा. जिथल्या रेघा शिल्लक राहतील तो भाग खोलगट आहे. सगळी जाळी एकसारखी पुसली गेली की पुन्हा जाळी काढून एकदा खात्री करा. दगडाच्या चारही कडा हलक्या हाताने मोडून घ्या, नाहीतर टोकदार कड धारेला खाच पाडते. त्या मुलाचा १००० नंबरचा दगड मध्ये एवढा बसला होता की त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसत होता. टाचेकडचा भाग दगडाला नीट लागतच नव्हता. त्याचा अर्धा आजार तिथेच कळला.

१००० नंबरवर बेव्हल: खरं काम इथेच होतं

बेव्हल म्हणजे धारेच्या दोन्ही बाजूंचे ते दोन अरुंद उतार. हे दोन उतार एका रेषेत, टाचेपासून टोकापर्यंत, मध्ये काहीही न सोडता मिळाले पाहिजेत. माझ्या अनुभवात दहापैकी आठ 'धार येत नाही'च्या तक्रारी इथल्या असतात, आणि लोक मात्र उपाय शेवटच्या दगडात शोधतात.

दगड भिजवायचा की नाही, ते बनावटीवर आहे. किंग या जपानी ब्रँडचा १००० नंबर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. नानिवा या दुसऱ्या जपानी कंपनीच्या सुपर स्टोनवर नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरतं. नळाचं पाणी चालतं, वेगळ्या पाण्याची भानगड नको.

बेव्हलवर काळ्या मार्करने रेघ ओढा. पातं दगडावर आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि धार पुढे ठेवून ढकला, जणू दगडावरून पातळ पापुद्रा सोलायचा आहे. ढकलतानाच पातं तिरकं सरकवा, म्हणजे टाचेपासून सुरुवात होऊन टोकाशी शेवट होतो. परतताना पातं पाठीवर उलटा, धारेवर कधीही नाही. चार-पाच हात झाले की मार्कर बघा. शाई जिथे राहिली तिथे दगड पोचलेला नाही.

मग दोन्ही बाजूंना समान हात. मी आधी एका बाजूला वीस छोटे मागे-पुढे हात देतो, मग दुसऱ्या बाजूला वीस, आणि शेवटी दहा-पंधरा पूर्ण तिरके हात. दाब हाताच्या वजनाएवढा, बोटाने पातं दाबायचं नाही. पातळ पातं दाबलं की वाकतं आणि धार दगडावरून उचलली जाते.

तपासणी दोन प्रकारे. धार वर करून दिव्याखाली धरा. नीट जुळलेल्या धारेवर काहीच दिसत नाही, एखादा चमकणारा ठिपका दिसला तर ती जागा अजून बोथट आहे. मग हातावरची लव कातडीच्या लगत कापून बघा, टाचेकडून, मधून, टोकाकडून, तिन्ही ठिकाणी सारखी कापली गेली पाहिजे. हे झाल्याशिवाय पुढच्या दगडाला हात लावू नका. त्या रविवारी आम्हाला या एका पायरीला दीड तास लागला. बाकी सगळं मिळून पाऊण तासात झालं.

मधल्या ३००० ते ५००० नंबरच्या दगडाचं काम फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे घालवायचं. तीस-चाळीस हात, दाब कमी करत न्या, भिंगाखाली जुने ओरखडे दिसेनासे झाले की पुढे चला.

शेवटचा दगड: इथे नैसर्गिक की कृत्रिम हा प्रश्न येतो

कृत्रिम दगडात सगळे कण जवळपास एका मापाचे असतात. जपानी मापाच्या १००० नंबरमध्ये कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे, ८००० मध्ये सव्वा ते दोन मायक्रॉनचे. (माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.) नंबर कंपनीप्रमाणे बदलतात. अमेरिकन नॉर्टन कंपनीचा ८००० हा जपानी ८००० पेक्षा बराच भरड असतो, म्हणून आकड्यापेक्षा मायक्रॉन विचारावेत.

८००० वर पन्नास हलके हात आणि नंतर चामोटी (वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा), एवढ्यावर दाढी होते. १२००० नंबर मिळाला तर आणखी मऊ होते. याहून स्वस्त मार्ग म्हणजे ३एम कंपनीची लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक कण बसवलेली पातळ प्लास्टिकची पट्टी. ती ऑप्टिकल फायबरचे जोड घासायला वापरतात, आणि एक मायक्रॉनची फिल्म त्याच जाड काचेवर पाण्याने चिकटवली तर उत्तम शेवटचा दगड तयार होतो. सपाट करायची गरज नाही, झिजली की बदलायची. नवशिक्याला मी आज हेच सुचवतो.

आता नैसर्गिक दगड. सगळ्यात समजून घेण्यासारखा आहे बेल्जियमचा कोटिक्यूल. आर्डेन डोंगराळ भागात, व्हिएल्साल्मच्या परिसरात तो निघतो. पिवळसर रंगाचा, अरुंद थरांत मिळणारा, म्हणून बऱ्याचदा पाटीच्या दगडावर चिकटवून विकतात. त्याच्यात गार्नेटचे, म्हणजे आपल्या गोमेद-माणकांच्या दुकानात 'तामडा' म्हणतात त्या जातीचे, सूक्ष्म स्फटिक असतात. आणि गंमत बघा, हे स्फटिक ५ ते १५ मायक्रॉनचे, म्हणजे ८००० नंबरच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे. तरीही तो बारीक धार देतो. कारण हे स्फटिक अनेक पैलूंचे, गोलाकडे झुकणारे असतात आणि दगडात घट्ट रुतलेले असतात. वर त्यांचा जरासाच भाग डोकावतो, म्हणून ओरखडा रुंद पण उथळ पडतो.

कोटिक्यूलच्याच छोट्या तुकड्याने त्याच्यावर पाणी घालून घासलं की दुधासारखं पाणी सुटतं. सहाणेवर चंदन उगाळताना गंध सुटतं, अगदी तसं. त्या गंधात मोकळे झालेले स्फटिक लोळतात आणि दगड वेगाने कापतो. मग थेंबाथेंबाने पाणी वाढवत गंध पातळ करत न्यायचं, कापणं मंदावत जातं, आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर फक्त चकाकी चढते. एकाच दगडावर मधलं आणि शेवटचं काम होतं. हे हाताला जाणवतं, कानाला ऐकू येतं: सुरुवातीला खरखर, मग सळसळ, आणि शेवटी पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढतं. मला हा दगड मनापासून आवडतो तो यासाठी.

जपानी दगड क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतले. नाकायामा, ओझुकू, ओहिरा ही खाणींची नावं ऐकायला मिळतात. सिलिकाचे अतिशय बारीक कण असलेला हा गाळाचा दगड आहे. नाकायामाची खाण बंद असल्यामुळे तिच्या नावावर भाव लागतो, आणि चांगल्या तुकड्याची किंमत लाखाच्या घरातही जाते. जर्मनीतल्या थुरिंगियाचे, एशर नावाने विकले गेलेले दगड आता फक्त जुन्या बाजारात मिळतात. अमेरिकेतला आर्कान्सा दगड नोव्हाक्युलाइटचा, म्हणजे जवळपास शुद्ध सिलिकाचा. तो फार कठीण, फार सावकाश कापणारा. झिजतही नाही, त्यामुळे एकदा सपाट केला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. संयम असेल तर नैसर्गिक दगडांत हा खिशाला त्यातल्या त्यात झेपणारा.

इथे हमखास विचारलं जातं, की मग आपला दगड का नको? गोदावरीच्या पात्रातला एखादा गुळगुळीत गोटा चालणार नाही का? पांडवलेणी ज्यात कोरली तो आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. त्याच्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन अशी वेगवेगळ्या कठीणपणाची खनिजं लहान-मोठ्या स्फटिकांत मिसळलेली असतात, शिवाय वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या. पायरीच्या दगडावर विळा-कोयता घासणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि ते योग्यच आहे. वस्तऱ्याला मात्र सगळीकडे सारखा, बारीक पोताचा दगड लागतो, आणि तो या मातीत नाही.

मी स्वतः काय करून पाहिलं

दोन सारख्या वस्तऱ्यांची धार १००० पासून मधल्या दगडापर्यंत एकसारखी केली. मग एकाला १२००० चा कृत्रिम दगड, दुसऱ्याला कोटिक्यूल. मुठीला आतून वेगवेगळा दोरा बांधला आणि रोज सकाळी बायको हाती देईल तो वस्तरा घ्यायचा, दोरा बघायचा नाही, दाढीनंतर अंदाज लिहून ठेवायचा. तीन आठवडे हे केलं. गालांवर मला फरक ओळखता आला नाही, अंदाज निम्म्याहून अधिक वेळा चुकले. हनुवटीखाली, गळ्यावर, जिथे केस उलटसुलट वाढतात, तिथे मात्र कोटिक्यूलची धार कमी चरचरली, आणि तिथले अंदाज बहुतेक बरोबर आले. हा माझ्या कातडीचा आणि माझ्या हाताचा निकाल आहे. पण किंमत किती पट आणि फरक केवढा, ते मला त्यातून स्पष्ट झालं.

त्याआधी एक महागडी चूकही झाली होती. एका विक्रेत्याकडून मी जपानी दगड मागवला. फोटोत सुरेख दिसत होता. त्यावर हात दिले की वस्तऱ्याची धार सुधारण्याऐवजी प्रत्येक वेळी बारीक खाचा पडायच्या. भिंगाखाली खाचा धारेच्या वेगवेगळ्या जागी, म्हणून आधी मी स्वतःच्या हातालाच दोष देत राहिलो. मग एकदा कोरड्या दगडावरून नख हळूच ओढलं आणि एका तिरक्या रेघेपाशी ते अडकलं. त्या रेघेत कठीण खनिज होतं. रेघ तिरकी, माझे हातही तिरके, म्हणून खाच दरवेळी नव्या जागी पडत होती. दगड परत घेतला गेला नाही. तो आता स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना वापरतो, रेघेचा भाग टाळून.

मग घ्यायचा कधी

कृत्रिम दगडावर किंवा फिल्मवर स्वतः लावलेल्या धारेने तीसेक दाढ्या आरामात झाल्या असतील, तर नैसर्गिक दगडाचा विचार करा. तोपर्यंत दगड चांगला की वाईट, हे कळायला तुमच्याकडे मापच नसतं. नैसर्गिक दगडाच्या बाजूचा एक खरा मुद्दा असा, की बेव्हल एकदा नीट बसला की पुढे वर्षभर १००० ला हात लावावा लागत नाही. धार मंदावली की शेवटच्या दगडावर दहा-पंधरा हात आणि चामोटी. म्हणजे आयुष्यभर सगळ्यात जास्त वापर शेवटच्याच दगडाचा होतो, आणि एका माणसाच्या वापराने तो संपत नाही. हातात घेतल्यावर आनंद देणारी वस्तू तिथे असावी असं वाटलं, तर तो खर्च मला वावगा वाटत नाही.

घेताना मोठा, चौकोनी, खाणीचा शिक्का असलेला दगड घेऊ नका. त्या शिक्क्याचे आणि आकाराचे पैसे लागतात. कोटिक्यूलचे वेडेवाकडे छोटे तुकडे निम्म्याहून कमी पैशांत मिळतात आणि वस्तऱ्याला दीड-दोन इंच रुंदी भरपूर होते. विक्रेत्याकडे ओल्या दगडाचा फोटो मागा, कारण रेघा आणि तडे ओल्यात दिसतात. त्याच तुकड्यावर वस्तरा लावून पाहिलाय का ते विचारा, आणि परत घेण्याची अट लिहून घ्या. नैसर्गिक दगडात एकाच खाणीचे दोन तुकडे सारखे नसतात. नाव खाणीचं असतं, पण वापरायचा असतो तो तुकडा.

चामोटी आणि पावसाळा

चामोटीवर दगडाच्या उलटं: पाठ पुढे, धार मागे ओढायची, आणि वळताना पाठीवरच उलटायचं. पट्टा ताणून धरा, सैल पट्ट्याला झोळ पडतो आणि धार गोल होते. दाढीआधी चाळीस-पन्नास फेऱ्या. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची शुद्ध, अर्ध्या मायक्रॉनची पेस्ट वेगळ्या पट्ट्यावर लावून महिन्या-दोन महिन्यांतून पाच-दहा फेऱ्या दिल्या तर दगडाची वेळ पुढे ढकलता येते. हार्डवेअरच्या दुकानातल्या हिरव्या पॉलिशच्या वडीत मात्र भरड पावडर मिसळलेली असू शकते, ती वस्तऱ्याला नको.

आणि दाढी मऊ करा. गरम पाणी, साबण, दोन-तीन मिनिटं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की पात्यापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असलेला केसही धारेचे कपचे उडवू शकतो, विशेषतः केस वाकून धारेला तिरका लागला आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली तर. त्यांनी तपासलेली पाती साध्या रेझरची होती. मी त्यातून एवढं घेतलं, की कोरड्या, राठ केसांवर वस्तरा चालवायचा नाही आणि कातडी ताणून धरायची.

आषाढ-श्रावणात नाशिकच्या हवेत कार्बन पोलाद रात्रीतून डागाळतं. दाढी झाली की वस्तरा पुसा, चामोटीवर चार कोऱ्या फेऱ्या द्या, धारेवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटाने न लावता मऊ कापडाने फिरवा. खोबरेल नको, डिसेंबरच्या थंडीत ते गोठतं. जपानी दगड असेल तर त्याच्या चारही बाजूंना लाखेचा किंवा पारदर्शक वार्निशचा हात द्या, म्हणजे थरांत पाणी शिरून तो फुटत नाही, आणि कुठलाही दगड उन्हात वाळवू नका.

त्या मुलाने शेवटी वीस हजारांचा दगड मागवला नाही. दोन फिल्म, एक भिंग आणि काचेचा तुकडा घेतला. गेल्या महिन्यात तो पुन्हा आला तेव्हा टाचेकडची लवही कापली जात होती, आणि आता तो कोटिक्यूलच्या छोट्या तुकड्यांचे ओले फोटो मला पाठवतो आहे. त्यातला तिसरा मला बरा वाटला. रेघ नाही आणि पिवळा थर जाड आहे.